नकलेचा अस्सल पाठ : जुने संगणकीय खेळ आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न

ऐतिहासिक साधनांच्या चिकित्सेत अस्सल आणि नक्कल हा भेद पायाभूत मानला जातो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा बखरींपेक्षा तत्कालीन अस्सल पत्रांना त्यांनी जे अग्रस्थान दिले त्यामुळे मराठी इतिहाससंशोधनाला एक शिस्त लाभली. ताम्रपट व शिलालेख यांच्या संपादनातही तीच शिस्त दिसते. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला वाकाटकांच्या कोरीव लेखांचा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. अशा संग्रहात लेखाच्या ठशाचे चित्र दिलेले असते, ओळवार वाचन दिलेले असते आणि कोरक्याची चूक वाचनात तशीच ठेवून शुद्ध रूप तळटीपेत सुचविलेले असते. जे आहे ते प्रथम जसेच्या तसे नोंदवावे आणि संपादकाचे मत त्यापासून वेगळे ठेवावे, असा हा दंडक होय.

संगणकीय खेळ हे साधन या दंडकाच्या कक्षेत अद्याप फारसे आलेले नाही. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील बालपणाचा, फावल्या वेळाचा किंवा घरातील दूरचित्रवाणी संचाच्या वापराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास त्याकडे पाठ फिरविता येणार नाही. जुने खेळ आजच्या संगणकावर हुबेहूब चालविण्याचे प्रयत्न जगभर होत आहेत. हे हुबेहूबपण कोणत्या प्रतीशी ताडून पाहावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जपान-अमेरिकेतील अभ्यासकाला तो विचारण्याची निकड भासत नाही, कारण त्याच्यापुढे मूळ यंत्र असते. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्याचा इतिहास पाहू जाणाऱ्याची स्थिती निराळी आहे. येथे जे पोहोचले ती बहुधा नक्कल होती.

प्रथम जतनाची रीत पाहिली पाहिजे. जुना खेळ म्हणजे विशिष्ट यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली. यंत्र नाहीसे झाले की ती आज्ञावली अक्षरशः मुकी होते. म्हणून जुन्या यंत्राचे वागणे नव्या संगणकाकडून वठवून घेणारी दुसरी आज्ञावली रचतात. तिला इम्युलेटर म्हणतात. चौकाचौकातील नाणे टाकून खेळावयाच्या पेट्यांसाठी निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ हा इम्युलेटर प्रसृत केला. पुढे अनेकांच्या श्रमाने तो वाढत गेला. खेळता येणे हा आपल्या कार्याचा आनुषंगिक लाभ असून जुन्या यंत्रांची घडण व कार्यपद्धती नोंदवून ठेवणे हा मूळ हेतू होय, अशी त्या प्रकल्पाची आरंभापासूनची भूमिका राहिली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही भूमिका परिचयाची वाटावी.

आज्ञावलीची प्रत हाती आली म्हणजे खेळ हाती आला, हा समज किती अपुरा आहे हे जपानच्या तैतो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या १९७८ च्या खेळावरून कळते. त्यात पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी रांगांनी खाली सरकतात आणि त्यांतील जितके मारले जावेत तितके उरलेल्यांचे सरकणे वेगवान होते. ही वाढती गती म्हणजे त्या खेळाचा प्राण. परंतु ती रचनाकाराने प्रथमपासून योजिलेली नव्हती. त्या काळचा प्रक्रियक इतका मंद होता, की एका चित्रचौकटीत एकच आकृती हलवून काढणे त्याला झेपे. आकृत्या कमी झाल्या की फेरा लवकर पुरा होई. तोमोहिरो निशिकादो यांनी हा परिणाम पाहिला आणि तो तसाच राहू दिला. यंत्राची दुर्बलता येथे खेळाचा नियम झाली. तीच गोष्ट रंगांची. पडदा कृष्णधवल होता. रंगीत पारदर्शक पट्ट्या त्यावर चिकटविलेल्या असत. आज्ञावलीत या पट्ट्यांचा मागमूसही नाही. त्याहून जुना, अटारी कंपनीचा १९७२ चा ‘पाँग’ तर आज्ञावलीविनाच चाले. त्याचे सारे नियम विद्युत्‌मंडलाच्या जोडणीतच होते. संहिताच नसलेल्या ग्रंथाची प्रत कशी करावी, असा हा पेच आहे आणि तेथे मंडलाचेच अनुकरण करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता भारताकडे वळावयाचे. निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीस आले. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या या यंत्रात खेळाची बदलती पेटी बसवीत. भारतात तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसून आज्ञावली साठविलेल्या चकत्या असत. थोड्याच वर्षांत तैवान व चीन येथील कारखान्यांनी या यंत्राच्या स्वस्त नकला काढल्या. १९९० च्या दशकात भारतातील शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे ओळखले गेले ते बहुतांशी या नकलांच्या कुळातील होते. मुळात एकदेशीय असलेली वस्तू अशा रीतीने नकलेच्या द्वारा सार्वदेशिक झाली. मुद्रणपूर्व काळात ग्रंथांचेही असेच होत असे.

नरखेड हा नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख नागपूर-इटारसी लोहमार्गावर असून एका अंगाला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या अंगाला वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्हा आहे. अशा ठिकाणी मूळ जपानी यंत्र अधिकृत विक्रीतून येण्याचा संभव अल्पच होता. बाजारात मिळणारी नक्कल येणे हेच स्वाभाविक. तेव्हा येथील मुलांनी कोणता ‘मारिओ’ पाहिला, असे कोणी विचारल्यास त्याचे उत्तर अमेरिकेतील संग्रहात ठेवलेल्या मूळ कॅसेटवरून देता येईल काय? देता येणार नाही, हे यंत्रांच्या घड्याळावरून सिद्ध करता येते.

जपान व अमेरिकेत दूरचित्रवाणीची ‘एन्टीएससी’ पद्धती होती. तीत सेकंदाला सुमारे साठ वेळा चित्र रेखिले जाते. भारताने ‘पाल’ पद्धती स्वीकारली. तीत ते पन्नास वेळा रेखिले जाते. त्या काळचे खेळ चित्राच्या प्रत्येक फेऱ्यागणिक एक पाऊल पुढे सरकत. साठाच्या जागी पन्नास फेरे आले, की खेळाची चाल मूळ चालीच्या पाच-षष्ठांश होते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या खेळात पहिल्या टप्प्यासाठी चारशे एककांची मुदत असते. मूळ यंत्रावर ती सुमारे १६० सेकंदांत संपते. तीच आज्ञावली न बदलता पन्नास फेऱ्यांच्या यंत्रात घातली, की सुमारे १९२ सेकंद मिळतात. खड्ड्यावरून मारावयाची उडीही त्याच प्रमाणात सावकाश होते. अर्थात् येथील खेळाडूच्या बोटांना जी सवय लागली ती मूळ खेळाडूच्या सवयीहून भिन्न होती.

युरोपातील अनेक देशांतही पाल पद्धतीच होती. तेथे निन्टेंडोने स्वतःचे वेगळे यंत्र विकले आणि काही खेळांच्या आज्ञावल्या त्यासाठी पुन्हा जुळवून घेतल्या. या अधिकृत यंत्राच्या प्रक्रियकाचे ठोकेही मंदावले : जपानी यंत्रात ते सेकंदाला सुमारे १७.९ लक्ष होते, युरोपीय यंत्रात सुमारे १६.६ लक्ष. नकला करणाऱ्यांपुढे वेगळीच अडचण होती. त्यांच्या कॅसेटांत साधारणतः जपानी वा अमेरिकी पाठच असे आणि तो पुन्हा जुळविण्याचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता. म्हणून त्यांनी खेळाऐवजी यंत्रच बदलले. पाल पद्धतीसाठी घडविलेल्या नकली यंत्रांत प्रक्रियकाचे ठोके सुमारे १७.७ लक्षांवर नेले आणि चित्राच्या जादा ओळींचा वेळ अशा जागी घातला, की आज्ञावलीला तो जवळजवळ जाणवूच नये. मूळ यंत्रात चित्र संपल्यावर पुढील चित्राच्या तयारीसाठी वीस ओळींचा अवकाश मिळे. नकली यंत्राने चित्रानंतर एक्कावन्न ओळी रिकाम्या जाऊ दिल्या आणि मग तोच वीस ओळींचा अवकाश दिला. ही युक्ती कोणा अनामिक अभियंत्याची. तिच्यातील चातुर्य मान्य करावेच लागते. मूळ जपानी पाठ चालविण्याच्या बाबतीत ही नक्कल युरोपातील अधिकृत यंत्राहून अधिक निष्ठावान ठरली!

याचा परिणाम कानांना सहज कळण्याजोगा आहे. या यंत्रात स्वराची उंची प्रक्रियकाच्या ठोक्यांवर अवलंबून असते आणि सुरावटीची चाल चित्राच्या फेऱ्यांवर. युरोपीय यंत्रावर मूळ पाठ वाजविला तर लय मंदावते व सूरही सुमारे सात टक्क्यांनी, म्हणजे अर्ध्या स्वराहून किंचित अधिक, खाली येतो. नकली पाल यंत्रावर सूर एका टक्क्याहूनही कमी उतरतो, लय मात्र पाच-षष्ठांश होते. पट्टी तीच, लय विलंबित, असे संगीताच्या परिभाषेत म्हणता येईल. हा तिसरा पाठ होय. तो टोकिओचाही नव्हे आणि लंडनचाही नव्हे. पाल नकला ज्या घरांत पोहोचल्या त्या सर्व घरांत हाच पाठ ऐकला गेला.

या तिसऱ्या पाठाची दखल जतनशास्त्राने उशिरा घेतली, आणि ज्या नावाने घेतली ते नाव बोलके आहे. फॅमिकॉमच्या खेळांची प्रत साठविण्यासाठी १९९६ च्या सुमारास रूढ झालेल्या साच्यात प्रतीच्या आरंभी सोळा अक्षरस्थानांचा मथळा असतो. त्यात नकली यंत्राची कालगती नोंदविण्यास जागाच नव्हती. पुढे सुधारलेल्या साच्यात तशी जागा केली गेली : तेथे शून्य हा अंक जपानी-अमेरिकी गतीचा, एक हा युरोपीय गतीचा, दोन हा अनेक गतींवर चालणाऱ्या खेळाचा आणि तीन हा ‘डेंडी’चा. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या एका नकलेचे व्यापारी नाव. रशियन हौशी अभ्यासकांनी आपल्या बालपणीचे यंत्र उघडले, मोजले आणि त्याची नोंद केली. म्हणून संपूर्ण कुळाला त्यांचे नाव मिळाले. भारतीय घरांतील नकलांना त्या साच्यात स्वतंत्र ओळख नाही. भारतात विकलेल्या प्रत्येक यंत्राची घडण डेंडीप्रमाणेच होती, असे गृहीत धरणेही योग्य होणार नाही. एकाच दुकानात निरनिराळ्या कारखान्यांचा माल असे. झाकण काढून आतील चकत्यांवरील अंक वाचल्यावाचून निर्णय देता येत नाही, आणि हे वाचन भारतात पद्धतशीरपणे झालेले नाही.

कॅसेटांची चिकित्सा याहून बिकट आहे. ‘एकात ९९९९ खेळ’ असे लिहिलेली कॅसेट त्या पिढीतील अनेकांना आठवत असेल. प्रत्यक्षात तीत मोजकेच खेळ असून तेच पुनःपुन्हा यादीत येत. कधी दुसऱ्या टप्प्यापासून आरंभ करून, कधी नाव पालटून. मूळ कंपनीचे नाव आरंभीच्या चित्रातून बहुधा खोडलेले असे. पोथीच्या शेवटी लेखनिकाची पुष्पिका असते व तीवरून काळ-स्थळ ठरविता येते. येथे पुष्पिका पुसण्याचीच खबरदारी घेतलेली. आतील चकतीवर काळ्या डांबरासारखा थेंब ओतलेला असल्याने तिच्यावरील अंकही दिसत नाहीत. शिवाय एवढी सामग्री यंत्राला एकाच वेळी वाचता येत नसल्याने ती तुकड्यातुकड्यांनी पुढे करणारी एक जुळणी कॅसेटमध्ये असते. ती जुळणी न उकलता सामग्रीची नुसती प्रत घेतली, तर पृष्ठांक गळालेल्या सुट्या पानांची पोथी हाती यावी तसे होते.

अशा कॅसेटा म्हणजे भ्रष्ट पाठ, त्या जपण्यात श्रम का घालवावे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. मूळ पाठ निर्दोष स्वरूपात उपलब्ध असता नकलेतील चुका गोळा करण्याचा उपयोग काय? यावर पुण्याच्या भांडारकर संस्थेचे उदाहरण पुरेसे आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार संपादकांनी जुनी संहिता निश्चित केली, परंतु वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. पाठभेद पृष्ठाच्या तळाशी आणि मोठे प्रक्षेप परिशिष्टात दिले. कारण निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी शतकानुशतके जे महाभारत ऐकले ते प्रक्षेपांसह ऐकले होते. ‘मेम’मध्येही प्रत्येक खेळाचा एक मूळ संच मानून परवान्याविना काढलेल्या नकला त्याच्या शाखा म्हणून नोंदविल्या जातात. एकाला दुसऱ्याची वार्ता नसताना दोघे एकाच रीतीला पोहोचले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मूळ पाठावरून जपानमध्ये काय रचले गेले ते कळेल. नरखेडला काय खेळले गेले ते नकलेवरूनच कळेल. हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि एकाचे साधन दुसऱ्याला पुरत नाही.

यंत्राबाहेरच्या वस्तूंचाही विचार करावा लागतो. अनेक नकली संचांबरोबर प्लास्टिकची बंदूक येई व ‘डक हंट’ हा बदकांच्या शिकारीचा खेळ तीवर चाले. बंदुकीतून काहीच सुटत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहक तो प्रकाश टिपतो. जुन्या काचेच्या ट्यूबच्या संचावर चित्र तत्क्षणी उमटत असल्याने हे साधे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र काही अंशी विलंबाने येते व बंदूक आंधळी होते. म्हणजे आज्ञावली, यंत्र आणि कॅसेट तिन्ही जपली तरी ट्यूबचा संच भंगारात गेला की हा खेळ गेला. इम्युलेटर बंदुकीच्या जागी दुसरे साधन देतो. ते सोयीचे असले तरी तळटीपेतील शुद्धरूपाप्रमाणे तसे नमूद केलेले असावे.

महाराष्ट्रातच एका जुन्या खेळाबाबत वस्तू जपली जाणे आणि खेळ जपला जाणे यांतील अंतर दिसून आले आहे. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून लाखकामाची विद्या चालू ठेवून गंजिफाच्या निर्मितीला नवे जीवन दिले. दशावतारी गंजिफाची १२० पानांची सुबक जोडी आज तेथे मिळते. संग्राहक ती विकत घेतात. तीवर डाव मांडणारे मात्र विरळ झाले. संगणकीय खेळांत याच्या उलट प्रकार संभवतो : डाव मांडणारे पुष्कळ, पण ज्या वस्तूवर तो प्रथम मांडला गेला ती कोणी ठेवलेली नाही.

कायद्याची बाजू संक्षेपाने सांगता येईल, परंतु ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक भारतीय प्रकाशकाने पुस्तकाची प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. आज्ञावली त्या कक्षेत येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी ग्रंथादींची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा मिळाली. तीस अट अशी, की त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीपासून असावी. कागदी ग्रंथाच्या बाबतीत ही अट रास्त आहे. परंतु जी कृती जन्मतःच अंकीय, तिची अंकीय नसलेली प्रत आणावयाची कोठून? नकली कॅसेटच्या बाबतीत तर अडचण दुहेरी होते, कारण वैध प्रत बाळगणाऱ्यास राखीव प्रत करण्याची जी सवलत कायदा देतो ती तिच्या धन्याला लागू पडणे कठीण. परदेशांतही मार्ग मोकळा नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अनुपलब्ध असल्याचे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. तरीही असे खेळ संशोधकांना दुरून पाहू देण्याची ग्रंथालयांची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य झाली. बनावट ताम्रपट अभ्यासासाठी जवळ बाळगणे हा पुरालेखवेत्त्याचा दोष मानला जात नाही. उलट बनावट केव्हा, कोणी व का केली, याचे संशोधन इतिहासात मान्यता पावलेले आहे. आज्ञावलीच्या बाबतीत हा विवेक कायद्यात अजून उतरावयाचा आहे.

तोपर्यंत जे काम कायद्याला बाध न आणता होऊ शकते ते थोडे नाही. प्रत न घेताही यंत्र उघडून चकत्यांवरील अंक, स्फटिकाची कंपनसंख्या, मंडलाचे छायाचित्र व वेष्टनावरील मजकूर नोंदविता येतो. ज्यांनी १९९० च्या दशकात हे खेळ खेळले ती माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत. यंत्र कोठून आणले, किती पैशांना, वीज गेल्यावर काय होई, कोणाच्या घरी किती मुले जमत, हे त्यांनाच विचारावे लागेल. स्मृती गतीविषयी भरवशाची साक्षीदार नव्हे, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. लहानपणीचा खेळ संथ होता की आपणच चपळ होतो, हे कोणासही आठवणीतून सांगता येत नाही. ते स्फटिक सांगतो.

साधनांचे आयुष्य थोडे आहे. नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि घरांबरोबर घरांतील सारे गेले. पुराहून संथ, परंतु तितकाच निश्चित, असा दुसरा ऱ्हास भंगाराच्या गाड्यावर चालू आहे. तेथे प्लास्टिकचा भाव निराळा व तांब्याचा निराळा, आणि मंडलाची पट्टी वजनावर जाते. तालुक्यातील एखाद्या माळ्यावरून असे एक यंत्र विभागात आले, तर त्याच्या नोंदपत्रात पहिला रकाना कालगतीचा असावा आणि त्यात ‘तीन’ हा अंक लिहिण्यापूर्वी स्फटिक मोजलेला असावा.